बोटीवर सही करण्याआधी

पोरगा बोटीवर निघाला की घरात पहिली चिंता वादळाची. टीव्हीवर अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा दाखवला की आई देवाला नारळ बोलते. पोरगा त्या वेळी ब्राझीलच्या बंदरात साखर भरत असला तरी. वादळ धोक्याचं नाही असं कोण म्हणेल? पण जहाजावर माणसं दगावतात आणि जायबंदी होतात ती पुष्कळदा शांत पाण्यात, भर दिवसा, रोजचंच काम करताना. टाकीत उतरताना, दोर ओढताना, शिडीवरून घसरून, लाइफबोटीच्या सरावात. नंतर चौकशीवाले फाइल उघडतात तेव्हा कागद बऱ्याचदा चोख असतो. परमिट भरलेलं, चेकलिस्टवर टिका, विश्रांतीचे तास नियमात, खाली सही.

पहिल्यांदा किंवा दुसऱ्या-तिसऱ्यांदा बोटीवर जाणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे. सगळे नियम इथे सांगत बसत नाही. ते बेसिक कोर्समध्ये शिकवतात. कागदावर एक आणि डेकवर दुसरंच, असं जिथे घडतं त्या जागा दाखवतो. कारण त्यातल्या बऱ्याच कागदांवर तुमचीही सही असणार आहे.

टाकीचं झाकण

गावाकडे जुन्या विहिरीत नाहीतर सेप्टिक टँकमध्ये एक जण उतरतो, तो वर येत नाही म्हणून दुसरा उतरतो, मग तिसरा. अशी बातमी दरवर्षी कुठून ना कुठून येतेच. जहाजावरही याच कारणाने आणि याच क्रमाने माणसं जातात. आत विषारी वायू असेल एवढी भीती प्रत्येकाला असते, पण पुष्कळदा तिथे विष नसतंच. फक्त ऑक्सिजन नसतो. बॅलास्ट टाकी, चेन लॉकर, कॉफरडॅम या लोखंडी खोल्या महिनोन्‌महिने बंद असतात. लोखंड गंजतं तेव्हा आतल्या हवेतला ऑक्सिजन खात असतं. मालसुद्धा खातो: कोळसा, लाकडाचे ओंडके, भंगार, पेंड. जयगडला कोळसा घेऊन आलेल्या जहाजाच्या होल्डमध्ये वरून डोकावलं तर काळा ढीग दिसतो, बाकी काही नाही. तो ढीग वाटभर ऑक्सिजन शोषत आलेला असतो आणि वर कार्बन मोनॉक्साइडही सोडू शकतो. होल्डमध्ये उतरायच्या जिन्याची जी बंदिस्त खोली असते, तिथेही तीच हवा झिरपते. ती जागा कुणाला ‘टाकी’ वाटत नाही. म्हणून माणूस मीटर न लावता झाकण उघडतो आणि सरळ शिरतो.

ऑक्सिजन कमी असला तर जीव घुसमटेल आणि मग मी बाहेर पडेन, असं समजू नका. धाप लागते ती शरीरात कार्बन डायऑक्साइड साठला की. नुसता ऑक्सिजन कमी असेल तर श्वास अगदी सहज चालू राहतो, डोकं थोडं हलकं होतं, पाय ऐकत नाहीत. हवेत पाच-सहा टक्केच उरला असेल तर काही श्वासांतच शुद्ध हरपते. बाहेर पडायचा विचार करायलाही वेळ मिळत नाही.

मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. मीटरवर तेवढाच दिसला पाहिजे, आणि तिथेच स्थिर राहिला पाहिजे. कुणी म्हणालं, “१९ आहे, चालतंय”, तर विचारा: कमी झालेला ऑक्सिजन गेला कुठे, आणि त्याच्या जागी काय आलंय? कार्बन मोनॉक्साइड हवेत अर्धा टक्का असला तरी माणूस मरायला पुरतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची ताकदच मारतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. वास गेला म्हणजे वायू गेला, असं तिथे धरता येत नाही.

तेव्हा उतरायच्या आधी एवढं बघाच. पंख्याने हवा खेळवून झाली आहे. मीटर आधी उघड्या हवेत तपासलेलं आहे. मग त्याची नळी टाकीत वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी सोडलेली आहे, कारण काही वायू खाली बसतात आणि काही वर तरंगतात. तोंडाशी एक माणूस वॉकीटॉकी घेऊन उभा आहे आणि त्याला दुसरं कुठलंही काम दिलेलं नाही. जेवायला वर आलात तर परत उतरताना मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि परमिटवर सही करण्याआधी म्हणा, “मीटर मला दाखवा.” चांगल्या चीफ ऑफिसरला याचा राग येत नाही. ज्याला येतो त्याला येऊ दे.

आत कुणी पडलेला दिसला तर? हीच सगळ्यात कठीण घडी. आतला माणूस तुमचा केबिनमेट असेल, तुमच्याच तालुक्यातला असेल. तरी उतरायचं नाही. अलार्म द्यायचा, ब्रिजला कळवायचं, हवेचा पंखा चालू ठेवायचा. जवळ लटकवलेला ईईबीडी डोक्यात घालून आत धावायचं नाही. तो आगीतून बाहेर पळण्यापुरता आहे, त्यातली हवा साधारण १० ते १५ मिनिटांची असते. नाकावरचा फिल्टर मास्क तर ऑक्सिजन देतच नाही, नसलेली हवा गाळून काय उपयोग? आत जायचं ते फक्त पाठीवर हवेचा सिलिंडर घेतलेल्या पथकाने. सागरी सुरक्षेच्या सोलास करारानुसार टाकीत उतरण्याचा आणि आतून माणूस काढण्याचा सराव दर दोन महिन्यांनी व्हायला हवा. तो नुसता फोटोपुरता होत असेल तर एक गोष्ट तरी करून बघायला लावा: पाठीवर सिलिंडर बांधलेला माणूस त्या मॅनहोलमधून खरोखर आत जातो का? पुष्कळ जहाजांवर काही मॅनहोलमधून तो जात नाही, हे सरावातच कळलेलं बरं.

धान्य भरलेल्या जहाजावर कीड मारायला ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतात. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू होल्डमधून केबिनपर्यंत पोचू शकतो. प्रवासात दोघा-तिघांना एकदम मळमळ, उलट्या, डोकेदुखी सुरू झाली तर भंडाऱ्याच्या, म्हणजे स्वयंपाक्याच्या, जेवणावर खापर फोडण्याआधी हे आठवा. लसणीसारखा नाहीतर कुजक्या माशासारखा वास आला तर लगेच सांगा. वास नाही आला तरी केबिनमध्ये मीटर लावायला सांगा.

झोपेचा हिशेब

एप्रिल २०१० मध्ये ‘शेन नेंग १’ हे कोळसा वाहणारं चिनी जहाज ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर चढलं. वाट बदलायची वेळ ब्रिजवरच्या चीफ मेटच्या हातून निसटली. त्याच्या आदल्या साडेअडतीस तासांत त्याची झोप झाली होती अडीच तास. बंदरात माल भरण्याची देखरेख त्याच्याकडेच होती. जहाज सुटलं आणि तो ब्रिजवर उभा राहिला. माणूस नालायक नव्हता, थकलेला होता.

नियम सोपा आहे. सागरी कामगार करार, म्हणजे एमएलसी २००६, भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार २४ तासांत किमान १० तास विश्रांती आणि सात दिवसांत किमान ७७ तास. विश्रांतीचे फार तर दोन तुकडे करता येतात, त्यातला एक सलग सहा तासांचा हवा. जहाज किंवा माणूस संकटात असेल तर कॅप्टन हे वेळापत्रक बाजूला ठेवू शकतो, पण नंतर विश्रांतीची भरपाई द्यावी लागते.

आता डेकवर काय होतं ते बघा. बंदर आलं की पायलट, मूरिंग, माल, इन्स्पेक्टर, रेशन, स्टोअर सगळं एकदम कोसळतं. महिनाअखेरीस कॉम्प्युटरवर तास भरायला बसलं की प्रोग्रॅम लाल खूण दाखवतो. लाल खूण म्हणजे ऑफिसचा ईमेल येणार. मग तास थोडे सरकवले जातात, खूण हिरवी होते, सही होते. हे एखाद्या जहाजाचं गुपित नाही. जागतिक सागरी विद्यापीठाने २०२० मध्ये यावर अख्खा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्याच्या शीर्षकातच ‘तडजोडीची संस्कृती’ म्हटलं.

पहिल्या कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलाने कॅप्टनशी भांडावं असं मी सांगणार नाही. ते जमतही नाही. पण दोन गोष्टी जमतात. एक, स्वतःच्या छोट्या डायरीत खरे तास लिहीत जा. झोपलो कधी, उठलो कधी, बस्स. करारानुसार तुमच्या तासांच्या नोंदीची, तुमची आणि कॅप्टनची सही असलेली प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. ती मागून घ्या आणि डायरीशी ताडून बघा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कागदावर वाद घालण्यापेक्षा कामावर बोला. “सर, काल रात्रीपासून तीनच तास झोप झालीय. रंगकाम करतो, पण मास्टवर चढत नाही.” असं सरळ, आवाज न चढवता सांगितलं तर बहुतेक सारंग आणि बहुतेक ऑफिसर ऐकतात, कारण तुम्ही पडलात तर त्यांचंही सर्टिफिकेट पणाला लागतं. नाहीच ऐकलं तर जहाजावर लेखी तक्रारीची पद्धत असते आणि किनाऱ्यावरच्या ऑफिसात ‘डीपीए’ नावाचा अधिकारी याचसाठी नेमलेला असतो. त्याचा नंबर जहाजावर लावलेला असतो. चढलात त्या दिवशीच मोबाइलमध्ये टिपून घ्या.

दोर, शिडी आणि लाइफबोट

जहाज धक्क्याला बांधताना मूरिंगचे दोर ताणाखाली येतात. नायलॉनचा दोर तुटण्याआधी बराच ताणला जातो, आणि तुटला की साठलेला सगळा जोर घेऊन मागे येतो. तो चुकवता येत नाही, दिसतही नाही. पूर्वी डेकवर पिवळ्या रंगाने धोक्याचे पट्टे आखत. मग लोकांना वाटायला लागलं की पट्ट्याबाहेर उभं राहिलं की झालं. दोर रोलरवरून वळलेला असेल तर तो कुठल्या दिशेने सुटेल हे पट्टा सांगू शकत नाही. म्हणून आता ताण आला की सगळं मूरिंग डेकच धोक्याचं धरायचं, असं सांगतात. विंच चालवणारा, इशारा देणारा, आणि अगदी लागतील तेवढीच माणसं. बाकीच्यांनी तिथे रेंगाळायचं नाही. डेकवर पडलेल्या दोराच्या वेटोळ्यात पाय कधीच ठेवू नका, एका पावलापुरताही नाही. फोन केबिनमध्ये ठेवून या.

उंचीवर चढताना हार्नेस घातलेला असतो, पण हूक अडकवलेला नसतो. फोटोंत हे नेहमी दिसतं. जहाजाच्या कडेवर काम असेल तर लाइफजॅकेटही हवं. एवढं पुरे.

लाइफबोटीचा सराव मात्र सोडू नका, आणि डोळे मिटून करूही नका. जीव वाचवण्यासाठी असलेल्या या बोटीने सरावातच बऱ्याच खलाशांचे जीव घेतले आहेत. बहुतेकदा हूक नीट बसला नव्हता आणि बोट उंचावरून कोसळली. आधी रिकामी बोट खाली-वर करून बघावी, मग माणसांनी बसावं. आपण बसणार त्या बोटीचा हूक लागल्यावर कसा दिसतो आणि अर्धवट लागल्यावर कसा, हे थर्ड ऑफिसरकडून एकदा समजून घ्या.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात मुंबईपासून काही अंतरावर तेलविहिरींच्या भागात पी-३०५ ही बार्ज बुडाली. वर २६१ माणसं होती. त्यातले ७० हून अधिक गेले, १८६ जण वाचले. बार्जवरचे बरेच जण खलाशी नव्हतेच. वेल्डर, फिटर, रंगारी, स्वयंपाकी. वाचलेल्यांपैकी अनेक जण लाइफजॅकेटवर खवळलेल्या पाण्यात तासन्‌तास तरंगत होते. ऑफशोअर कामाला जाणाऱ्या मुलांनी म्हणूनच पहिल्या दिवशी हे बघावं: माझं जॅकेट कुठे आहे, त्याचा दिवा पेटतो का, शिट्टी आहे का, बंद लागतात का. पाण्यात पडल्यावर पोहत सुटायचं नाही. ताकद संपते आणि अंग गार पडतं. एकमेकांना धरून, घोळका करून राहायचं. एकट्या डोक्यापेक्षा घोळका शोधणाऱ्यांच्या नजरेलाही लवकर पडतो.

इंजिनरूमवाल्यांसाठी

इंजिनरूममधला एक अपघात असा आहे की बघणाऱ्याला तो अपघात वाटतच नाही. फ्युएल इंजेक्टर तपासताना, ग्रीसगन किंवा हायड्रॉलिकची नळी हाताळताना सुईएवढं भोक पडलेलं असतं आणि त्यातून प्रचंड दाबाने तेल उडतं. ते हातमोजा भेदून बोटात शिरतं. रक्ताचा एक ठिपका, थोडी झिणझिण. माणूस कपड्याने पुसतो आणि काम चालू ठेवतो. आत तेल पेशींमधून पसरत असतं. काही तासांत बोट सुजतं, काळंनिळं पडतं, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात कापावा लागतो. म्हणून दाबाच्या तेलाचा असा ठिपका कितीही लहान असला तरी तातडीची केस. लगेच सांगा, लगेच किनाऱ्यावरच्या डॉक्टरांचा सल्ला मागवा. गळती शोधायला बोट फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

कानांची गोष्टही अशीच हळू चालते. इंजिनरूमचा आवाज १०० डेसिबलच्या वर असतो, आणि ८५ च्या पुढे रोज तासन्‌तास राहिलं की ऐकू येणं कायमचं कमी होतं. गेलेलं परत येत नाही. इअरमफ एका कानावरून सरकवून बोलायची सवय लावून घेऊ नका, बाहेर येऊन बोला. हात धुवायला डिझेल किंवा थिनर वापरू नका. तांबड्या समुद्रात किंवा आखातात उन्हाळ्यात इंजिनरूम ४५ अंशांच्या वर जाते. घाम थांबला, बोलणं असंबद्ध झालं तर त्या माणसाला ताबडतोब थंड जागी न्या. संरक्षक साहित्य मापाचं मिळालं पाहिजे हे डिसेंबर २०२४ पासून एमएलसीतही आलं आहे. जहाजावर जाणाऱ्या मुलींना मोठ्या मापाचा बॉयलर सूट मुडपून वापरायला देतात. लोंबती बाही फिरत्या यंत्रात अडकते. तो घालू नका, मापाचा मागा.

बॅग भरताना

मेडिकल पास व्हावं म्हणून आदल्या आठवड्यात रक्तदाबाची गोळी घेऊन आकडा आणणारे पुष्कळ आहेत. पॅसिफिकच्या मध्यावर हा आकडा कुणाच्याच कामाचा नाही. १०० माणसांपेक्षा कमी असलेल्या जहाजावर डॉक्टर असणं बंधनकारक नाही, त्यामुळे मालवाहू जहाजावर तो जवळजवळ नसतोच. औषधपेटी असते आणि शिकलेला सेकंड ऑफिसर असतो. रक्तदाब, साखर, दमा काही असेल ते सांगा. औषध पूर्ण कॉन्ट्रॅक्टचं आणि वर दोन महिन्यांचं जादा घ्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, तीत औषधाचं मूळ नाव. दात आधी दाखवून घ्या. दाढ भर समुद्रात ठणकायला लागली की रात्र काढणं कठीण जातं.

बॅगेत काय नको तेही बघा. आईने दिलेल्या मालवणी मसाल्यात खसखस असते. दुबई, फुजैरा, सिंगापूर इथे खसखस बंदी असलेल्या मालात मोडते. ट्रामाडॉलच्या गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांचंही आखातात तसंच. मसाला खसखशीविना दळून घ्या, पण घ्या. भंडारी कुठल्या देशाचा मिळेल सांगता येत नाही.

पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, त्याआधी सर्टिफिकेट लागू होत नाही. आता ते आयुष्यभर चालतं. मुंबईत पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनकडे ती मिळते. पश्चिम आफ्रिकेला जाणार असाल तर मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या सांगितल्या आहेत तितके दिवस घ्या, तिथून निघाल्यावर काही दिवस त्या चालू ठेवायच्या असतात त्याही. आणि हे घरच्यांनी लक्षात ठेवायचं: मुलगा आफ्रिकेहून येऊन आठवडे उलटल्यावरही ताप येऊ शकतो. कोकणात पावसाळ्यात ताप म्हटलं की डॉक्टरांच्या डोक्यात आधी डेंगी आणि लेप्टो येतो. दवाखान्यात पहिलं वाक्य हेच बोला की हा आफ्रिकेतून आलाय, मलेरिया तपासा. तिथला मलेरिया दोन-तीन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

समुद्रात कुणी आजारी पडलं तर कॅप्टन रेडिओवरून वैद्यकीय सल्ला मागवू शकतो. रोममधली सीआयआरएम ही संस्था १९३५ पासून कुठल्याही देशाच्या जहाजाला असा सल्ला मोफत देते. डॉक्टर लांब असतो, त्यामुळे त्याला माहिती लागते: ताप किती, नाडी किती, रक्तदाब किती, दुखणं कधी सुरू झालं, कुठून कुठे सरकलं. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली उतरलेली पोटदुखी लपवू नका आणि तिच्यावर जुलाबाचं औषध तर घेऊच नका. अपेंडिक्स असेल तर पहिल्या दिवशी सांगितलेलं आणि तिसऱ्या दिवशी सांगितलेलं यात जहाज कुठल्या बंदराकडे वळेल याचा फरक पडतो.

केबिनचं दार

कोविडात, २०२० च्या अखेरीस, करार संपूनही सुमारे चार लाख खलाशी जहाजांवर अडकले होते. मनाच्या दुखण्याबद्दल सागरी क्षेत्रात उघड बोलणं तेव्हापासून वाढलं. आता बहुतेक जहाजांवर वायफाय आहे, आणि त्याने एक नवाच प्रकार झाला आहे: वॉच संपली की प्रत्येक जण केबिनमध्ये, दार बंद, फोन हातात. मेसमध्ये कुणी नाही. आठवड्यातून एक-दोनदा तरी एकत्र जेवा, कॅरम खेळा, काहीही करा. जेवण सोडलेला, झोप उडालेला, “माझ्यानंतर हे तू ठेव” असं बोलणारा सहकारी दिसला तर त्याला एकटं सोडू नका. सरळ विचारा, आणि कॅप्टनला सांगा. यात चुगली नाही. आयस्वान संस्थेची ‘सीफेअररहेल्प’ ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

घरच्यांनाही एक विनंती. जमिनीच्या वाटणीचं भांडण, सासू-सुनेचं वाजलेलं, हे त्याच्या वॉचच्या तासभर आधी फोनवर सांगू नका. लपवा असं म्हणत नाही. त्याची झोप झाल्यावर सांगा. तो तिथून येऊन काही करू शकत नाही, आणि रात्रभर तेच डोक्यात घेऊन इंजिनाशी उभा राहतो.

जहाजावर कुणी त्रास देत असेल, शिवीगाळ, अंगचटीला येणं, ‘गंमत’ म्हणून चाललेला छळ, तर तारीख-वेळ टाकून लिहून ठेवा आणि कळवा. छळ आणि लैंगिक त्रास रोखण्याचं प्रशिक्षण १ जानेवारी २०२६ पासून जगभरातल्या खलाशांच्या बेसिक कोर्सचा भाग झालं आहे. ‘बोटीवर असं चालतंच’ हे आता कुणी ऐकवलं तरी ऐकून घेऊ नका.

युद्धाचा धोका हल्ली खरा आहे. जानेवारी २०२४ मध्ये एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या टँकरवर क्षेपणास्त्र आदळलं तेव्हा त्यावर २२ भारतीय होते. आपल्या नौदलाच्या ‘आयएनएस विशाखापट्टणम’वरच्या जवानांनी आग विझवायला मदत केली. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावरच्या हल्ल्यात तीन खलाशी मारले गेले. युनियनच्या करारात घोषित युद्धक्षेत्रात जायला नकार देण्याचा आणि कंपनीच्या खर्चाने घरी परतण्याचा हक्क असतो. तुमच्या करारात हे कलम आहे का, ते विमानात बसण्याआधी वाचा.

घरी ठेवायचे कागद

शेवटी, किंवा खरं तर सगळ्यात आधी, एजंट. भारतीय खलाशाला कामावर लावणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना हवा, आणि नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला त्यांना मनाई आहे. ‘लाख-दोन लाख द्या, पंधरा दिवसांत जॉइनिंग’ म्हणणारा तिथेच ओळखावा. गेल्या काही वर्षांत मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या जहाजांवर अडकलेल्यांत भारतीय फार मोठ्या संख्येने आहेत आणि त्यातले अनेक अशाच वाटेने गेलेले असतात. दोन महिने पगार आला नाही तर कायद्याने ते सोडून दिल्यातच जमा होतं, आणि चार महिन्यांपर्यंतच्या थकीत पगाराची व घरी परतण्याची हमी विम्यात असायला लागते. त्या विम्याचं प्रमाणपत्र जहाजावर दिसेल अशा जागी लावलेलं असतं. चढल्यावर त्याचा फोटो काढून घरी पाठवा; विमा कंपनीचा नंबर त्यावरच असतो.

घरी एक फाइल करा: पासपोर्ट आणि सीडीसीची (खलाशाच्या सेवापुस्तकाची) प्रत, सही केलेल्या कराराची प्रत, एजंटचा परवाना क्रमांक, डीपीएचा फोन, आणि जहाजाचा आयएमओ क्रमांक. हा क्रमांक सात आकडी असतो. जहाजाचं नाव बदलतं, मालक बदलतो, झेंडा बदलतो, हा बदलत नाही. ‘इक्वासिस’ या मोफत संकेतस्थळावर नाव नोंदवून तो टाकला की जहाजाचं वय, मालक आणि कुठल्या बंदरात तपासणीत काय दोष सापडले ते दिसतं. अर्ध्या तासाचं काम आहे, धाकटी बहीणसुद्धा करू शकते. एजंट हा क्रमांक द्यायला टाळाटाळ करत असेल तर त्या जहाजावर जाऊ नका.